आडात नाही तर पोहऱ्यात कुठून? : 'जर-तर' विधानाची चार रूपं

मागच्या व्याख्यानात आपण 'आणि', 'किंवा' आणि 'नाही' या तीन शब्दांचं तर्कशास्त्र पाहिलं. हे तिघे तसे सरळ स्वभावाचे आहेत. आज ज्याच्याकडे वळायचं आहे तो 'जर-तर' मात्र दिसतो साधा आणि फसवतो फार. कागद-पेन्सिल जवळ असेल तर बरं. नसेल तरी चालेल. आता हे 'नसेल तरी चालेल' मला वेगळं का म्हणावं लागलं, ते व्याख्यान संपेपर्यंत तुमच्या लक्षात येईल.

सुरुवात एका म्हणीपासून करू. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आपल्यातल्या तरुण श्रोत्यांनी कदाचित आड पाहिला नसेल. आड म्हणजे अरुंद, खोल विहीर, आणि पोहरा म्हणजे दोराला बांधून आत सोडायचं भांडं. म्हण प्रश्नाच्या रूपात आहे, पण प्रश्न नावापुरताच. आत एक विधान आहे. ते सरळ मांडलं तर असं होतं: आडात पाणी नसेल, तर पोहऱ्यात पाणी येणार नाही.

तर्कशास्त्रात अशा विधानाला सोपाधिक विधान म्हणतात. उपाधी म्हणजे अट. अटीसह केलेलं ते सोपाधिक. 'जर'च्या मागचा भाग, म्हणजे 'आडात पाणी नसेल', हे पूर्वांग. 'तर'च्या मागचा भाग, म्हणजे 'पोहऱ्यात येणार नाही', हे उत्तरांग. एवढे दोन शब्द लक्षात ठेवा, आज पुरतील.

इथे पहिली खूणगाठ बांधा. हे विधान करणारा माणूस आड कोरडा आहे असं म्हणत नाही. पोहरा रिकामा आहे असंही म्हणत नाही. तो फक्त दोघांमधला संबंध सांगतो. आपल्या घराघरांत निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. "तू उशीर केलास तर गाडी चुकेल" असं कुणी म्हणालं की लगेच उत्तर येतं, "म्हणजे मी नेहमी उशीर करतो असं म्हणायचंय ना?" नाही हो, तसं म्हटलेलं नाही. निदान तर्कशास्त्राच्या दृष्टीनं तरी नाही. बोलणाऱ्याच्या मनातलं मी सांगू शकत नाही.

मराठीत हे विधान अनेक वेशांत येतं, तेही पाहून ठेवू. 'जर' तर आपण बहुतेक वेळा गाळूनच टाकतो. सरकारी पाटीवर ते 'तिकीट नसल्यास दंड होईल' असं येतं. शेतकऱ्याच्या तोंडी 'पाऊस पडल्याशिवाय पेरणी नाही' असं येतं. 'जिथे गूळ तिथे मुंगळे', 'जो चढतो तो पडतो' या जोड्यांतही तेच लपलेलं असतं. वेश कोणताही असो, आपण तो उतरवून 'जर अमुक, तर तमुक' असं लिहून काढायचं. तर्कशास्त्राचा अर्धा अभ्यास म्हणजे हे वेश उतरवणंच आहे.

एका विधानाची चार रूपं

आता या म्हणीशी थोडं खेळू. दोन गोष्टी करता येतात. एक, दोन्ही अंगांची जागा बदलायची. दोन, दोन्ही अंगांना नकार द्यायचा. या दोन खेळींतून मूळ विधानासह एकूण चार रूपं तयार होतात.

पहिलं, मूळ विधान. आडात पाणी नसेल, तर पोहऱ्यात येणार नाही.

दुसरं, जागा बदलून. पोहऱ्यात पाणी आलं नाही, तर आडात पाणी नाही. याला व्यत्यास म्हणतात. शाळेच्या भूमितीत हा शब्द तुम्ही ऐकलेला आहे.

तिसरं, जागा तीच, पण दोन्ही अंगांना नकार. आडात पाणी असेल, तर पोहऱ्यात येईल. इंग्रजीतून शिकलेल्यांना हे 'इनव्हर्स' म्हणून माहीत असेल. आज कामापुरतं आपण याला 'नकारी रूप' म्हणू.

चौथं, जागाही बदलायची आणि नकारही द्यायचा. पोहऱ्यात पाणी आलं, तर आडात पाणी आहे. हे 'कॉन्ट्रापॉझिटिव्ह'. आपण याला 'उलट-नकारी रूप' म्हणू.

आता डोळे मिटून आडाच्या काठावर उभे राहा. मूळ विधान आपण मान्य केलं आहे. कुणी वरून घागरीतलं पाणी पोहऱ्यात ओतलं नाही, एवढं गृहीत धरू. मग उरलेल्या तिघांपैकी कोणतं मान्य करणं भाग आहे?

चौथं तर उघडच भाग आहे. पोहरा भरून वर आला, म्हणजे खाली पाणी आहे. दुसरं काय होणार? पण दुसरं रूप बघा. पोहरा रिकामा आला, म्हणून आड कोरडा? दोर तोकडा पडला असेल. पोहरा फुटका असेल. पाण्यावर पडून तो आडवा न होता तरंगत राहिला असेल. ज्यांनी आडावर पाणी ओढलं आहे त्यांना माहीत आहे, पोहऱ्याला पाण्यात बुडवायला हाताची एक हिसडी लागते. ती जमली नाही तरी पोहरा रिकामाच येतो. तिसऱ्या रूपाचंही तेच. आडात पाणी असलं म्हणून ते आपोआप पोहऱ्यात येत नाही.

म्हणजे हिशोब असा झाला. एक 'जर-तर' मान्य केलं की त्याच्यासोबत उलट-नकारी रूप फुकट मिळतं. व्यत्यास आणि नकारी रूप फुकट मिळत नाहीत. ती खरी असू शकतात, पण त्यांच्यासाठी वेगळा पुरावा द्यावा लागतो. आजच्या व्याख्यानाचं सार एवढंच आहे. पुढचा वेळ आपण हे असं का, आणि आपण तिथे वारंवार का घसरतो, यावर घालवणार आहोत.

विधान खोटं केव्हा पडतं?

'का' समजून घ्यायला एक साधा प्रश्न विचारायची सवय लावा. काय घडलं तर हे विधान खोटं पडेल?

समजा मी तुम्हाला म्हटलं, "उद्या पाऊस आला तर मी छत्री आणीन." चार शक्यता आहेत. पाऊस आला आणि छत्री आणली, तर मी शब्द पाळला. पाऊस आला आणि छत्री आणली नाही, तर मी खोटा पडलो. पाऊस आला नाही आणि छत्रीही आणली नाही, तर तुम्ही मला दोष देणार नाही. राहिली चौथी. पाऊस आला नाही, तरी मी छत्री घेऊन आलो. माणूस जरा भित्रा आहे असं म्हणाल, पण शब्द मोडला असं म्हणता येणार नाही. पाऊस नसताना काय करीन, याबद्दल मी काही बोललोच नव्हतो.

म्हणजे चारपैकी एकच परिस्थिती विधानाला खोटं पाडते. पूर्वांग खरं आणि उत्तरांग खोटं, ही ती परिस्थिती. हे मत फार जुनं आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकांच्या सुमारास ग्रीसमध्ये फिलो नावाच्या तर्कज्ञानं ते मांडलं, आणि त्याचा गुरू डायोडोरस याला ते मान्य नव्हतं. कोणतं 'जर-तर' खरं मानायचं, यावर त्या काळी इतका वाद झाला की कॅलिमॅकस या कवीनं म्हटलं, आता छपरांवरचे कावळेसुद्धा याच प्रश्नावर काव काव करताहेत. हा वाद आजही पुरता मिटलेला नाही. रोजच्या बोलण्यातलं 'जर-तर' फिलोच्या व्याख्येत सगळं मावतं का, यावर तत्त्वज्ञ अजून लिहीत असतात. पण पायाभूत तर्कशास्त्रात आपण फिलोबरोबर जातो, कारण त्यानं व्यवहार स्वच्छ होतो.

हा प्रश्न आता आपल्या आडाला विचारू. मूळ विधान खोटं केव्हा पडेल? आड कोरडा असून पोहरा भरून आला तर. उलट-नकारी रूप खोटं केव्हा पडेल? पोहरा भरून आला आणि तरी आड कोरडा निघाला तर. नीट ऐकलंत का? प्रसंग एकच आहे. आपण तो एकदा आडाकडून सांगितला आणि एकदा पोहऱ्याकडून. ज्या दोन विधानांना खोटं पाडणारा प्रसंग एकच, ती दोन विधानं खरी-खोटी एकदमच होणार. म्हणून ती सममूल्य.

आणि व्यत्यास? तो खोटा पडतो पोहरा रिकामा आणि आड भरलेला असताना. हा प्रसंगच वेगळा आहे. मूळ विधानानं त्याला कधी मनाई केलेली नव्हती. आता गंमत बघा, नकारी रूपही याच दुसऱ्या प्रसंगानं खोटं पडतं. म्हणजे चार भावंडांच्या दोन जोड्या आहेत. मूळ आणि उलट-नकारी ही एक जोडी, व्यत्यास आणि नकारी ही दुसरी. एक जोडी खरी आहे, एवढ्यावरून दुसरी खरी की खोटी हे ठरत नाही.

गणितात या फुकट मिळणाऱ्या रूपाचा फार उपयोग होतो. एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग सम असेल, तर ती संख्या सम असते. हे सरळ सिद्ध करायला गेलात तर वर्गमूळापाशी अडखळाल. उलट-नकारी रूप घ्या. संख्या विषम असेल, तर तिचा वर्ग विषम असतो. विषम गुणिले विषम म्हणजे विषमच. संपलं. एका दारानं जाता येत नव्हतं, म्हणून त्याच घराच्या दुसऱ्या दारानं गेलो.

धूर आणि अग्नी

हा विचार फक्त ग्रीसमधून आला, असं समजू नका. आपल्या न्यायदर्शनातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण डोंगरावरच्या धुराचं आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे असं अनुमान आपण करतो. ते उभं असतं व्याप्तीवर, म्हणजे 'जिथे धूर तिथे अग्नी' या नियमावर. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हे या शास्त्राचं प्रवेशद्वार. संस्कृत पाठशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी तिथूनच आत गेले.

नैयायिक या नियमाची दोन बाजूंनी उदाहरणं देतात. एक अन्वय. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. दुसरा व्यतिरेक. जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, जसा जलाशय. आता व्यतिरेकाकडे पुन्हा पाहा. जागा बदललेली आहे आणि दोन्हीकडे नकार आहे. हे आपलं उलट-नकारी रूपच झालं! फुकट मिळणारं रूप कोणतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

फुकट न मिळणारं कोणतं, तेही ठाऊक होतं. 'जिथे अग्नी तिथे धूर' असं कुणी म्हणेल म्हणून त्यांनी तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे ठेवला. त्यात अग्नी आहे, धूर नाही. मग अग्नीपासून धूर केव्हा निघतो? ओलं सरपण असेल तेव्हा. ही जी वर लागणारी जादा अट, तिला ते उपाधी म्हणतात. चुलीपुढे बसून डोळे चोळणाऱ्या कुठल्याही बाईला हे कळलं असतं. शास्त्रकारांनी त्याला नाव दिलं.

एक सावधगिरी मात्र सांगतो. नैयायिकांची व्याप्ती जगातल्या वस्तूंमधला नियत संबंध सांगते, आणि फिलोचं 'जर-तर' विधानांच्या खरे-खोटेपणाचा हिशोब करतं. दोन्ही एकच आहेत असं म्हणून उगाच छाती फुगवू नये. पण घसरण कुठे होते, ती जागा दोघांनीही अचूक ओळखली होती.

चार पत्ते

आता तुमची परीक्षा. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये मांडलेलं कोडं मी मराठी अक्षरांत आणून सांगतो. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आहे, दुसऱ्या बाजूला संख्या. वर दिसतंय ते असं: अ, क, ४, ७. नियम असा: एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या आहे. हा नियम या चार पत्त्यांबाबत खरा की खोटा, हे ठरवायला नेमके कोणते पत्ते उलटावे लागतील? थोडं थांबा, स्वतः ठरवा.

बहुतेक लोक 'अ आणि ४' म्हणतात, किंवा नुसतं 'अ'. या प्रयोगांत बरोबर उत्तर देणारे साधारण दहात एखादा, असं पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. बरोबर उत्तर आहे अ आणि ७. आपला प्रश्न विचारा, नियम कशानं खोटा पडेल? स्वराच्या मागे विषम संख्या निघाली तर. म्हणून स्वर उलटून पाहायचा आणि विषम संख्या उलटून पाहायची. चारच्या मागे व्यंजन निघालं तरी बिघडत नाही, कारण सम संख्येमागे स्वरच हवा असं नियम म्हणत नाही. चार उलटणारा माणूस नकळत व्यत्यास तपासत असतो. आणि सात उलटायचं ज्याला सुचत नाही, त्याला उलट-नकारी रूप दिसलेलं नसतं.

पण निराश होऊ नका. १९८२ मध्ये अमेरिकेत ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी हेच कोडं दुसऱ्या कपड्यांत दिलं. नियम असा: कुणी बीअर पीत असेल, तर त्याचं वय १९च्या वर असलं पाहिजे. चार पत्ते: बीअर पिणारा, कोक पिणारा, २२ वर्षांचा, १६ वर्षांचा. कुणाला तपासाल? बीअर पिणाऱ्याचं वय आणि सोळा वर्षांच्या मुलाचा पेला. इथे सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी बरोबर उत्तर दिलं. तर्क तोच होता, पण या वेळी नियम कोण मोडतोय हे पाहायचं होतं, आणि त्या कामात आपण सगळे हुशार असतो. म्हणून मी पुन्हा सांगतो. 'जर-तर' समोर आलं की हवालदार व्हा. नियम मोडणारा कोण असेल, एवढंच शोधा.

एका 'च'चा फरक

आता वळू आपल्या भाषेतल्या एका छोट्या, पण फार मोलाच्या अक्षराकडे. ते अक्षर म्हणजे 'च'.

'पास असेल तर आत सोडतील' आणि 'पास असेल तरच आत सोडतील' ही दोन वाक्यं पाहा. पहिलं म्हणतं, पास पुरेसा आहे. दुसरं म्हणतं, पास आवश्यक आहे, म्हणजे पास नसेल तर सोडणार नाहीत. पण पास दाखवल्यावर आणखी काही मागणार नाहीत, असं आश्वासन दुसरं वाक्य देत नाही. त्या एका 'च'नं बाणाची दिशाच फिरवली. पहिलं पासाकडून आत जाण्याकडे जातं. दुसरं आत असलेल्या माणसाकडून पासाकडे जातं: आत असेल, तर त्याच्याकडे पास होता.

यावरून दोन संज्ञा मिळतात. 'जर अ, तर ब' यात अ ही ब साठी पुरेशी अट आहे, आणि ब ही अ साठी आवश्यक अट आहे. पुरेशी अट पूर्ण झाली की काम झालं. आवश्यक अट पूर्ण झाली नाही तर काम अडलं, पण ती पूर्ण झाली म्हणून काम झालं असं नाही.

हा काही नुसता पुस्तकी घोळ नाही. मतदानाच्या दिवशी मतदार ओळखपत्र घेऊन केंद्रावर गेलेली माणसं परत फिरताना तुम्ही पाहिली असतील. "माझ्याकडे कार्ड आहे, मग मला मत का देता येत नाही?" कारण मत देण्यासाठी मतदार यादीत नाव असणं आवश्यक आहे. ओळखपत्रानं तुम्ही कोण हे पटतं, पण नुसतं ते पुरेसं नाही. त्यांनी ओळख पटणं या एका आवश्यक गोष्टीला पुरेशी समजलं, आणि पाच वर्षांतून एकदा येणारा हक्क हातातून गेला. म्हणून यादीत नाव आहे की नाही, हे आधी पाहून ठेवा.

आपण 'तर'ला 'तरच' का ऐकतो? कारण बोलताना बहुतेक वेळा तसंच अभिप्रेत असतं. आई म्हणते, "पोळी संपवलीस तर लाडू मिळेल." मूल लगेच ओळखतं की पोळी टाकली तर लाडू नाही. शब्दशः आई तसं बोललेली नाही, पण तसं नसतं तर तिनं अट घातलीच कशाला असती? गेइस आणि झ्विकी या भाषावैज्ञानिकांनी १९७१ मध्ये यालाच आमंत्रित अनुमान म्हटलं. वाक्य त्या अनुमानाला बोलावतं, पण त्याची हमी देत नाही. म्हणून तर सुरुवातीला मला 'नसेल तरी चालेल' हे वेगळं म्हणावं लागलं. नाही तर कागद-पेन्सिल नसलेले श्रोते उठून गेले असते!

व्यत्यास कमवावा लागतो

व्यत्यास नेहमी खोटाच असतो, असाही समज करून घेऊ नका. पायथागोरसचा सिद्धांत घ्या. त्रिकोण काटकोनी असेल, तर कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं हे ४७वं विधान. त्याचा व्यत्यास हे ४८वं विधान: वर्गांचं हे नातं जमत असेल, तर त्रिकोण काटकोनी असतो. दोन्ही खरी आहेत, पण युक्लिडनं दुसऱ्यासाठी वेगळी सिद्धता दिली. ४७वं सिद्ध झालं म्हणून ४८वं आपोआप आलं, असं तो म्हणाला नाही.

आणि रोजच्या कामात उपयोग कुणाचा होतो? घराचा पाया आखताना गवंडी एका कडेनं ३ फूट मोजतो, दुसऱ्या कडेनं ४ फूट मोजतो, आणि त्या दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट आहे ना, ते बघतो. ५ भरले की कोपरा गुण्यात आला. हा गवंडी पायथागोरसचा सिद्धांत वापरत नाही. तो व्यत्यास वापरतो. मापावरून कोनाकडे जातो. व्यत्यास सिद्ध झालेला आहे, म्हणून त्याची भिंत सरळ उभी राहते.

सिद्ध न झालेल्या व्यत्यासावर मात्र आपण माणसं उभी-आडवी करतो. 'गुन्हा केला असेल तर पळून जाईल. हा पळून गेला. म्हणजे यानंच केला.' निर्दोष माणूससुद्धा मारहाणीच्या, अटकेच्या भीतीनं पळतो. नुसतं फरार होणं हा दोष सिद्ध करायला पुरेसा पुरावा नाही, असं आपल्या न्यायालयांनी अनेकदा म्हटलं आहे, त्यामागे हेच तर्कशास्त्र आहे.

दुसऱ्यांबद्दल बोलतोय, तेव्हा स्वतःबद्दलही सांगायला हवं. काही दशकांपूर्वीची गोष्ट. महाविद्यालयातली अंतर्गत तोंडी परीक्षा होती. परीक्षक आम्ही दोघे. खेड्यातून आलेली एक विद्यार्थिनी समोर बसली. देकार्तच्या संशयपद्धतीबद्दल आम्ही विचारलं. विचारलं इंग्रजीतून, कारण तशी पद्धत पडून गेली होती. ती गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. तेव्हा मी शेजारच्या सहकाऱ्यांकडे वळून म्हणालो, "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार!" ते हसले. तिला मराठी अर्थातच येत होतं.

महिन्याभरानं तिचा लेखी पेपर माझ्याकडे आला. मराठीतून लिहिलेला. देकार्तवर त्या वर्षी त्याहून चांगलं उत्तर मी वाचलं नाही. आड काठोकाठ भरलेला होता. दोर आमचा तोकडा होता. तोंडी परीक्षेचे गुण तोवर पुढे गेले होते. मी तिला बोलावून चूक कबूल करायला हवी होती, ती केली नाही. तेव्हा तेवढा मोठेपणा अंगात नव्हता. आणि त्याच सत्रात मी फळ्यावर व्यत्यासाचा दोष शिकवत होतो.

या म्हणीचा वापर नीट पाहा. आपण ती केव्हा म्हणतो? आडात डोकावून पाहिल्यावर नाही. रिकामा पोहरा पाहिल्यावर. म्हण स्वतः खरी आहे, पण ती आपण बहुतेक वेळा तिच्या व्यत्यासासाठी वापरतो. मूल बोललं नाही, म्हणजे त्याला येत नाही. नोकरीच्या मुलाखतीत उमेदवार अडखळला, म्हणजे त्याला विषय कळत नाही. म्हण खरी असल्यामुळे निष्कर्षही खरा वाटतो, आणि त्या खरेपणाच्या आड अन्याय उभा राहतो.

एक प्रश्न

एका श्रोत्यांनी चांगलं विचारलं आहे: "सर, मग उलटा विचार करायचाच नाही का? डॉक्टर तर लक्षणांवरूनच रोग ओळखतात. धूर पाहूनच आपण अग्नी म्हणतो."

धुराचं आधी घेतो. 'जिथे धूर तिथे अग्नी' या नियमात धूर हे पूर्वांगच आहे, त्यामुळे तिथे आपण सरळच चाललो आहोत. डॉक्टरांची गोष्ट वेगळी. 'हा रोग असेल तर ताप येतो' यावरून ताप पाहून रोगाची शंका घेणं योग्यच आहे. पण चांगला डॉक्टर तिथे थांबत नाही. ताप आणखी कशाकशानं येतो, याची यादी तो मनात करतो, मग चाचण्या सांगतो. आणि ज्या रोगात एखादी खूण हटकून असतेच, ती खूण नसेल तर तो रोग यादीतून खोडतो. हे खोडणं म्हणजे उलट-नकारी रूप. व्यत्यास शोधाची सुरुवात म्हणून चालतो. निकाल म्हणून चालत नाही.

आता घरचा अभ्यास. एखादी पाटी, जाहिरात किंवा घरात ऐकलेलं एखादं 'जर-तर' घ्या. त्याची चारही रूपं लिहून काढा, आणि प्रत्येकापुढे ते कशानं खोटं पडेल तेही लिहा. पुढच्या वेळी आपण 'सर्व', 'काही' आणि 'एकही नाही' या शब्दांकडे वळू. आणि तोवर कधी पोहरा रिकामा वर आला, तर आडाला नाव ठेवण्याआधी एकदा दोर मोजून पाहा.